सेफ्टी व्हॉल्व्हची निवड
(पुरानी बस्ती, रायपूर येथील कामगार सभेतील भाषण)



उर्ला-सिलतराच्या कारखान्यांतून पाळी संपवून आलेल्यांना सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे सांगावयास नको. परंतु तो निवडताना मालक पाहतो किंमत. पाहावयास हवी क्षमता. भट्टी पूर्ण पेटली असता निर्माण होणारी सर्व वाफ त्यातून बाहेर पडली पाहिजे. वाजवीपेक्षा मोठाही नको. तो थडथडत उघडमीट करतो, बैठक झिजते. मग गळतो म्हणून स्प्रिंग आवळतात! १९२३ च्या बॉयलर कायद्याने व्हॉल्व्हशी अशी छेडछाड गुन्हा होती, २०२५ च्या नव्या कायद्यानेही आहे.

आणि बाहेर पडलेले जाते कोठे? डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ ही आपल्याच राज्याची राजधानी होती. युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीवरील व्हॉल्व्ह उघडला होता. टाकी फुटली नाही. परंतु पुढची वायू धुणारी यंत्रणा तो लोंढा पेलू शकली नाही आणि वायू जाळणारा मनोरा दुरुस्तीसाठी नळापासून तोडलेला होता. टाकी वाचली, शेजारची वस्ती वाचली नाही.

उद्या पाळीवर जाल तेव्हा आपल्या व्हॉल्व्हच्या नळाचे तोंड कोणीकडे आहे, तेवढे पाहून या. पुढच्या सभेत कारखानावार लिहून घेऊ.