वृद्धाश्रमाकडे काय मागाल?



२०२४ सालची गोष्ट. ऑक्टोबरची १ तारीख होती. संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस ज्येष्ठ नागरिकांचा म्हणून ठरविलेला आहे. त्यानिमित्त मी राष्ट्रीय सेवा योजनेतले वीसेक विद्यार्थी घेऊन आमच्या गावाजवळच्या एका वृद्धाश्रमात गेलो. बरोबर केळी होती, बिस्किटांचे पुडे होते, एक पेटी होती. मुलांनी दोन भक्तिगीते म्हटली. मी, प्राध्यापकच तो, वीस मिनिटे भाषण केले. मग फळे वाटली, फोटो काढले आणि आम्ही निघालो. आपण काही चांगले केले, असे समाधान सर्वांच्या चेहऱ्यावर होते.

दाराशी एका खाटेवर एक गुरुजी बसले होते. प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षे नोकरी केलेले. त्यांनी मला थांबविले आणि म्हणाले, "सर, केळी गोड आहेत हो. पण पितृपंधरवडा संपत आलाय. गेल्या पंधरा दिवसांत ही सहावी फणी. लोक पितरांच्या नावाने आणतात आणि आम्ही ती जिवंतपणीच खातो!" मुले हसली, मीही हसलो. मग ते जरा गंभीर होऊन म्हणाले, "खायला सगळेच आणतात. कामाला कोणी लावत नाही. तुमच्या ओळखीत एखादे पोर असेल, ज्याला जोडाक्षर येत नाही, तर धाडून द्या. माझा दिवस सरत नाही."

"जरूर पाठवतो गुरुजी," असे मी म्हणालो. त्या शब्दाचे पुढे काय झाले ते नंतर सांगतो.

मंडळी, 'आश्रम' हा शब्दच पाहा. त्यात 'श्रम' आहे. जुन्या काळचा आश्रम म्हणजे काम करण्याची जागा. पाणी भरायचे, गाई राखायच्या, शिकायचे, शिकवायचे. आपण मात्र 'वृद्धाश्रम' हा शब्द केला आणि त्यातला श्रम तेवढा काढून टाकला. उरले काय? वेळेवर चहा, वेळेवर जेवण, वेळेवर गोळ्या आणि मध्ये पसरलेला लांबच लांब दिवस. म्हातारपणी विश्रांती हवीच, कोण नाही म्हणतो? पण आपली कोणाला तरी गरज आहे, ही जाणीव नसेल तर त्या विश्रांतीला चव राहत नाही.

हे केवळ भावनेचे बोलणे नव्हे. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या एका शुश्रूषागृहात एलेन लँगर आणि ज्यूडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक साधा प्रयोग केला. १९७६ साली तो प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितले, 'इथले तुमचे तुम्ही ठरवा. हे एक रोपटे घ्या, त्याची निगा तुम्हीच राखायची.' दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोपटे दिले, पण सांगितले, 'पाणी परिचारिका घालतील, तुम्ही काळजी करू नका.' तीन आठवड्यांनी पाहिले, तर पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक तरतरीत, अधिक आनंदी आणि इतरांत अधिक मिसळणारी दिसली. रोपटे दोघांकडेही होते. फरक एवढाच, की त्याला पाणी कोणी घालायचे! आपण केळी घेऊन जातो तेव्हा आपण दुसऱ्या मजल्यावरचा व्यवहार करतो. भाव चांगलाच असतो, पण म्हाताऱ्या माणसाच्या हातातली झारी आपण काढून घेतो.

याचे उदाहरण शोधायला अमेरिकेला जाण्याचेही कारण नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८चा. १९३६ साली, म्हणजे वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नव्हती तिथे शाळा काढण्यासाठी त्यांनी एक मंडळ स्थापन केले आणि स्वतः वर्गणी गोळा करीत हिंडले. सगळेच कर्वे नसतात, हे खरे. मग ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातले फांगणे गाव घ्या. तेथे २०१६ साली ८ मार्चला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या बाया गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारच्या शाळेत बसल्या. घरी त्यांचा अभ्यास घ्यायला नातवंडे! शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण, हे वयावर ठरत नाही, हे त्या गावाने दाखवून दिले.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या शाळेच्या आसपास वृद्धाश्रम असेल तर यंदा तिथे काही द्यायला जाऊ नका, मागायला जा. आधी विचारा, 'आजोबा, तुम्ही काय काम करीत होता? आजी, तुम्हांला काय येते?' एखादा बँकेतला कारकून निघेल. बचत गटाच्या बायांना तो पासबुकातले व्याज समजावून सांगेल. एखादा शेतकरी निघेल. शाळेच्या रोपवाटिकेत पिशव्या कशा भराव्यात, कलम कसे बांधावे, हे त्याच्याकडून शिका. आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतील. मुलांना त्या वहीत उतरवून घेऊ द्या. डोळ्यांनी अधू असलेला आजोबाही एका जागी बसून मुलाचे वाचन ऐकू शकतो. अडखळत वाचणाऱ्या मुलाला घाई न करणारा श्रोता हवा असतो, आणि असा श्रोता आपल्या धावपळीच्या शाळेत मिळत नाही.

मात्र काही पथ्ये पाळावी लागतील. काम खरे असावे, लुटुपुटीचे नको. म्हातारी माणसे ते लगेच ओळखतात. आठवड्यात एक तास पुरे, पण वार ठरलेला असावा आणि तो चुकू नये. वाट पाहायला लावून न येणे, हे न जाण्याहून वाईट. वृद्धांना जिने चढायला लावण्यापेक्षा मुलांनीच तिकडे जावे, आणि शिक्षकाने त्यांच्याबरोबर बसावे. ज्याला नको असेल त्याला आग्रह करू नये. आयुष्यभर राबलेल्या माणसाला नुसते बसून राहण्याचाही हक्क आहे. आणि एक गोष्ट व्यवस्थापकांना सांगतो. 'सेवा' या गोड नावाखाली झाडलोट, भांडी अशी नोकराची कामे म्हाताऱ्यांच्या गळ्यात बांधू नका. त्याने पगार वाचेल, पण माणूस खचेल.

"आमच्या गावात वृद्धाश्रमच नाही," असे पुष्कळजण म्हणतील. पण २०११च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसे देशात दहा कोटींहून अधिक होती, आणि त्यांतली दहापैकी सात खेड्यांत राहत होती. मुलगा पुण्याला, मुलगी मुंबईला आणि वाड्यात एकटी म्हातारी, अशी घरे तुमच्या आळीत किती आहेत, मोजून पाहा. पाटी लावलेली नसली तरी तो वृद्धाश्रमच. आईवडिलांचा सांभाळ करावा म्हणून २००७ साली कायदा झाला, ते योग्यच झाले. कायदा पोटगी देववू शकतो. 'आजी, तुमच्यावाचून आमचे अडते,' हे वाक्य कायद्याला बोलता येत नाही. ते शेजाऱ्यालाच बोलावे लागते.

आता गुरुजींची गोष्ट पुरी करतो. मी शब्द दिला होता. मग सत्र परीक्षा आल्या, दिवाळी आली, तपासणी आली. आज जाऊ, उद्या जाऊ, असे करता करता फेब्रुवारी उजाडला. गेलो, तेव्हा गुरुजी त्याच खाटेवर होते. पण जानेवारीत त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. उजवा हात गेला होता, बोलणे अडखळत होते. मला पाहून त्यांनी डाव्या हाताची बोटे वर केली आणि एकेक करून मिटली. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, पाच महिने. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्याच आठवड्यात मी जवळच्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटलो. पालकांची संमती घेतली. आता दर शनिवारी सकाळी अकरा मुले आणि त्यांच्या एक शिक्षिका तिकडे जातात. पाच आजी आणि तीन आजोबा त्यांना वाचायला बसवतात. गुरुजींना समजावून सांगता येत नाही. मुले शुद्धलेखनाची वही त्यांच्यासमोर धरतात आणि ते डाव्या हाताने, थरथरत, चुकलेल्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढतात. रेघ वाकडी येते, पण चूक अचूक सापडते.

ते बोलू शकत होते त्या महिन्यांत किती मुलांना जोडाक्षरे आली असती, याचा हिशेब मी मनाशी करतो आणि तो मला कधी सुटत नाही. तुमच्यावर तो करण्याची पाळी येऊ नये, म्हणून हे सांगितले. येत्या शनिवारी जाऊन या. हात रिकामे असले तरी चालतील.