वेष्टनाचा हिशेब



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला की तो बोनस, महागाई भत्ता, नाही तर कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असणार. मी आज बोलणार आहे ते घरी पाहावयाच्या चित्रपटांच्या डब्यांविषयी; व्हिडिओ कॅसेट, व्हीसीडी, डीव्हीडी यांची वेष्टने आणि त्यांवरील चित्रे यांविषयी. हा विषय चित्रकाराचा किंवा जाहिरातवाल्याचा, असे चालकांपैकी एकाने मला सुचवूनही पाहिले. परंतु वेष्टन हाही मालच. तो कोणी घडवला, कोणी विकला आणि मधले पैसे कोठे गेले, हे पाहण्याची आम्हा मंडळींना खोड असते. शिवाय हा धंदा आता बहुतेक आटोपला आहे. व्हीसीआर बनविणारी शेवटची म्हणून ओळखली जाणारी जपानची फुनाई कंपनी, तिनेही २०१६ च्या जुलैमध्ये हे काम थांबविले. दुकान बंद झाले म्हणजे वह्या तपासावयास निवांत सापडतात.

प्रथम वस्तू समजून घेऊ. सोनीचे बेटामॅक्स यंत्र १९७५ साली निघाले, जेव्हीसीचे व्हीएचएस १९७६ साली. दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम घरी टिपून ठेवावा, एवढाच प्रारंभीचा हेतू. १९७७ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या आंद्रे ब्ले या गृहस्थाने ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीकडून पन्नास चित्रपटांचे हक्क मिळविले आणि त्यांच्या कॅसेटी बाजारात आणल्या. येथून चित्रपट ही साबण-बिस्किटांसारखी फळीवर मांडावयाची वस्तू झाली.

आता अडचण लक्षात घ्या. व्हीएचएसची कॅसेट म्हणजे १८७ मिलिमीटर लांब, १०२ रुंद आणि २५ जाड असा काळा प्लास्टिकचा ठोकळा. आत ‘संत तुकाराम’ असो की मारामारीचा चित्रपट असो, ठोकळा तोच. साडी चाचपून घेता येते, आंबा हुंगून घेता येतो. चित्रपट दुकानात उभ्याउभ्या चाखून पाहावयाची सोय नव्हती. गिऱ्हाईक जे काही घेई ते वेष्टनावरच्या चित्राच्या भरवशावर. १९८२ च्या एशियाडनंतर रंगीत संच आपल्याकडे पसरले, आणि शनिवारी रात्री भाड्याचा व्हीसीआर आणून सगळ्या आळीने मिळून तीन-तीन चित्रपट पाहिल्याचे येथील पुष्कळांना स्मरत असेल. पहिले दोन चित्रपट नावाने मागितलेले असत. तिसरा मात्र कव्हर पाहून उचललेला असे, आणि तो कसा निघाला हे मी येथे विचारीत नाही.

हे चित्र येई कोठून? बहुधा चित्रपटगृहासाठी केलेल्या पोस्टरवरून. ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटर महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रपटांची पोस्टरे स्वतः काढीत. एम. एफ. हुसेन यांनी मुंबईत सिनेमाचे मोठमोठे फलक रंगविण्यापासून सुरुवात केली. ‘दीवार’ची पोस्टरे करणारे दिवाकर करकरे हे तर एका सबंध काळाचा चेहरा ठरविणारे चित्रकार. रस्त्यापलीकडून, धावत्या बसमधून दिसावे म्हणून काढलेले हे ठसठशीत चित्र. त्याला डबीवर बसवावयाचे म्हणजे काय करावयाचे, याचे गणित मी एकदा कागदावर मांडले.

अमेरिकन पोस्टर २७ इंच रुंद आणि ४१ इंच उंच असे. कॅसेटच्या डबीची दर्शनी बाजू साधारण चार इंच रुंद आणि साडेसात इंच उंच. उंची बसवली तर पोस्टर साडेपाच पटींनी लहान होते, आणि रुंदी जवळजवळ पाच इंच भरते. डबी आहे चार इंचांची. म्हणजे सुमारे एक पंचमांश चित्र कडेने कापले पाहिजे. व्हीसीडीची गोष्ट त्याहून वाईट. तिच्या डबीचा कागद सुमारे बारा सेंटिमीटरचा चौकोन, आणि आपले पोस्टर ३० इंच बाय ४० इंच. रुंदी पुरी ठेवली तर उंचीतला चौथा भाग जातो. सहसा जातो तो खालचा.

आता चित्रकार सही कोठे करतो? खाली, कोपऱ्यात. कडा कापली की सही पहिली जाते. कापली नाही तरी पोस्टरवरची अर्ध्या इंचाची सही डबीवर इंचाच्या दहाव्या भागाहूनही लहान होते, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढी. कोणी दुष्टपणाने नाव पुसले असे मी म्हणत नाही. कात्रीला नाव वाचता येत नाही इतकेच. तथापि कात्री ज्याच्या हाती होती त्याला वाचता येत होते.

अमेरिकेत ड्रू स्ट्रुझन नावाचा फार मोठा पोस्टर-चित्रकार होऊन गेला. २०२५ साली तो वारला. १९८२ च्या ‘द थिंग’ या भयपटाचे पोस्टर त्याने एका रात्रीत काढले. चित्र नेण्यास माणूस आला तेव्हा रंग ओला होता, असे तो सांगत असे. पुढे तेच चित्र कॅसेटवर गेले, तबकडीवर गेले, चाळीस वर्षे माल विकीत राहिले. आमच्याकडे याला रात्रपाळी म्हणतात, आणि तिचा भत्ता निराळा असतो.

वेष्टनावरच्या चित्राची ताकद किती, हे इंग्लंडात दिसले. ‘द ड्रिलर किलर’ या १९७९ च्या अमेरिकन चित्रपटाची कॅसेट तेथे १९८२ मध्ये आली. कपाळात शिरणाऱ्या गिरमिटाचे दृश्य कव्हरवर आणि तेच पानभर जाहिरातींत. कॅसेट न पाहताच लोक संतापले, वर्तमानपत्रे पेटली, खटले झाले, आणि १९८४ साली व्हिडिओ मुद्रणांचा स्वतंत्र कायदा झाला. या कायद्याची पुढे एक मजा झाली. तो करताना युरोपीय आयोगाला रीतसर कळवावयाचेच राहिले होते, हे २००९ मध्ये उघडकीस आले आणि २०१० मध्ये तो पुन्हा करावा लागला. पंचवीस वर्षे साहेबाचा कायदा बिनपायाचा उभा होता.

आपल्याकडेही १९८४ सालीच कॉपीराइट कायद्यात कलम ५२-अ घालण्यात आले. व्हिडिओ फिल्मवर आणि तिच्या डबीवर काय छापले पाहिजे ते त्यात सांगितले आहे: सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची प्रत, व्हिडिओ बनविणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्कदाराची संमती घेतल्याचे निवेदन, आणि हक्कदाराचे नाव-पत्ता. हे न छापल्यास कलम ६८-अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. घरी जुनी डबी असेल तर उलटून पाहा. बारीक अक्षरांत ही सारी मंडळी हजर असतात. ज्याचे चित्र पाहून आपण ती डबी उचलली त्याचे नाव छापा, असे मात्र हे कलम कोठेही म्हणत नाही.

हॉलिवुडच्या डबीवर तळाशी नावांचा एक दाट पट्टा असतो. ती अक्षरे सुईसारखी उंच आणि अरुंद का, असे मला पुष्कळ दिवस कोडे होते. उत्तर करारांत आहे. कोणाचे नाव चित्रपटाच्या नावाच्या किती टक्के उंचीचे असावे, हे तेथील संघटनांनी आणि वकिलांनी भांडून ठरवून घेतलेले असते. उंची ठरलेली, रुंदी ठरलेली नाही. म्हणून रचनाकार अक्षरे दोन्ही बाजूंनी दाबतो. मला तर ही अक्षरे फार सुंदर वाटतात. संघटनेने मिळविलेली जागा अशी डोळ्यांना दिसण्याचा योग क्वचित येतो.

पण त्याच संघटनांना हिशेबात मात खावी लागली, आणि ती या वेष्टनापायीच. कॅसेटींच्या विक्रीतून पटकथालेखकाला हिस्सा द्यावयाचा, तो किती? कंपन्यांचे म्हणणे असे की कॅसेट बनविणे, भरणे, तिला डबी करणे, पोहोचविणे यांत फार खर्च होतो. म्हणून घाऊक विक्रीचे शंभरातले ऐंशी बाजूला ठेवू आणि उरलेल्या विसांवर टक्के मोजू. टक्का होता दीड. विक्री ठराविक मर्यादेपलीकडे गेली तर १.८. म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीवर लेखकाला तीस पैसे. १९८५ साली लेखकांनी यावर संप केला, पण आपसांत फूट पडली आणि दोन आठवड्यांत तो मिटला. नट आणि दिग्दर्शक यांचे टक्केही त्याच पाचव्या हिश्श्यावर.

पुढे टेप बनविणे स्वस्त झाले. १९९७ साली डीव्हीडी अमेरिकेत आली. ती बनविणे त्याहून स्वस्त. ऐंशी मात्र ऐंशीच राहिले. लेखकाच्या वाट्याला एका तबकडीमागे चार-पाच सेंट येत. २००७ च्या नोव्हेंबरात लेखक पुन्हा संपावर गेले, शंभर दिवस टिकले. पण तबकडीचा दर दुप्पट करण्याची मागणी त्यांनी संपाच्या आदल्या दिवशीच मागे घेतली होती. इंटरनेटवरच्या हक्काची लढाई अधिक मोलाची, असा तो हिशेब होता, आणि पुढे घडले ते पाहता तो चुकला असे म्हणवत नाही. माझी तक्रार ऐंशी या आकड्याशी आहे. वेष्टनाच्या नावाने कापून घेतलेल्या त्या रकमेतून वेष्टनावरच्या चित्रकाराला प्रत्येक प्रतीमागे काही मिळाले असते तर मी गप्प बसलो असतो. त्याला एकदाच काय ती बिदागी.

आता आपल्या देशात या. मोझर बेअर ही तबकड्या बनविणारी मोठी कंपनी. कारखाने नोएडा आणि ग्रेटर नोएडा येथे. २००६-०७ मध्ये ती चित्रपट विकण्याच्या धंद्यात उतरली आणि व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना विकू लागली. चोरट्या प्रतीच्या भावात अस्सल माल! तोपर्यंत हा माल कितीतरी महाग होता. तबकडी आणि डबी यांचा खरा खर्च किती थोडा आहे, हे या एका किमतीने चव्हाट्यावर आणले. मी या कंपनीचा भाट नव्हे, पण हे काम तिने केले. पुढे लोकांनी तबकड्या घेणेच सोडले. २०१८ साली नादारीच्या कायद्याखाली कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम झाला.

मग कामगारांची देणी? कंपनी कायद्यात त्यांना जे अग्रस्थान होते ते नादारीच्या कायद्यात राहिले नाही, म्हणून मोझर बेअर कर्मचारी युनियन सर्वोच्च न्यायालयात गेली. २ मे २०२३ रोजी निकाल लागला, तो युनियनच्या विरुद्ध. चोवीस महिन्यांची देणी तारणधारक सावकारांच्या बरोबरीने मिळतील, भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी आणि ग्रॅच्युइटी निधी यांच्या रकमा वेगळ्या राहतील. त्यापलीकडचे जुने अग्रस्थान नाही. तबकडीच्या धंद्याचे शेवटचे पान हे असे आहे, आणि ते वाचल्याशिवाय डब्यांच्या चित्रांचे कौतुक करणे मला जमत नाही.

चित्रांचे काम मात्र संपलेले नाही. मोबाईलवर चित्रपट निवडताना जो अंगठ्याएवढा चौकोन दिसतो तो त्या डबीचाच वारस. नेटफ्लिक्स तर २०१७ पासून एकाच चित्रपटाचे निरनिराळे चौकोन निरनिराळ्या प्रेक्षकांना दाखवीत आले आहे. म्हणजे एका पोस्टरच्या जागी अनेक चित्रे, आणि करणारी मुले आपल्याच गावांतली, घरी संगणकावर बसलेली. त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो आणि थांबतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढवून घेतलेल्या रंगचित्राची मालकी काढवून घेणाऱ्याची असते, आणि नोकरीत केलेल्या कामाची मालकाची. पण दोन्ही ठिकाणी ‘उलट करार नसेल तर’ असे शब्द आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार, संगीतकार आणि लेखक यांना स्वामित्वधनाचा सोडून देता न येणारा हिस्सा मिळाला. चित्रकाराला तो मिळालेला नाही. दुसरे, कलम ५७ प्रमाणे ‘हे माझे काम आहे’ असे म्हणण्याचा हक्क मालकी गेली तरी जात नाही.

तेव्हा काम घेतानाच कागदावर लिहून घ्या: मोबदला अमुक वापरापुरता, अन्य वापराचा निराळा, आणि नाव छापावयाचे. त्याचा मसुदा आमच्या कचेरीत फुकट करून मिळतो. सहानंतर यावे, त्याआधी आम्ही फाटकावर असतो.