रेडिओ कुणाचा?
(अंथुर्णे येथील बैठकीत केलेले भाषण)



ऊसदर झाला, वीज झाली, पाणी झाले. आता मी रेडिओवर बोलणार म्हटल्यावर मागे बसलेली मंडळी हसली. हसा, पण ऐकून घ्या.

आधी माझाच गुन्हा कबूल करतो. राहुरीची पदवी घेऊन मी नोकरीत होतो, तेव्हा एका रेडिओ केंद्रावर मला बोलवत. भाषण आधी लिहून द्यायचे, ते तपासले जायचे, मग वाचायचे. उसाला नत्राचे चार हप्ते कसे द्यावेत, हे मी दहा मिनिटांत सांगितले. पुढच्याच आठवड्यात शिवारात एका म्हाताऱ्याने मला गाठले. म्हणाला, "साहेब, खताचे चार हप्ते कळले. बिलाच्या हप्त्याचं काय?" पुढच्या भाषणात मी भावाचा एक परिच्छेद घातला. तो परत आला, लाल रेघ मारून. "हा विषय आपला नाही," असे मला सांगण्यात आले. पिकवायचे कसे, हा विषय रेडिओचा. विकायचे कसे, हा कुणाचाच नाही! मी तो परिच्छेद गाळून भाषण वाचले. मानधनही घेतले.

असे का होते? रेडिओचा मालक कोण, हे पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

मुंबईचे केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले ते एका खाजगी कंपनीचे. रेडिओ बाळगण्याचे लायसन दहा रुपये. तेवढे पैसे मोजणारे लोक देशात फारसे नव्हते. तीन वर्षांच्या आत कंपनी बुडाली आणि 1 एप्रिल 1930 पासून इंग्रज सरकारने कारभार हाती घेतला. 1936 साली त्याचे ऑल इंडिया रेडिओ झाले. गोरे सरकार गेले, काळे आले. रेडिओ सरकारचाच राहिला. पुण्याचे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 चे.

या पुणे केंद्राच्या इतिहासात एक पान सोन्याचे आहे. 1956 साली युनेस्कोच्या मदतीने पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे बसवली. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम, दहा आठवडे. लोकांनी तो एकत्र बसून ऐकायचा, नंतर त्यावर चर्चा करायची, आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून पाठवायचे. त्या प्रश्नांना रेडिओवर उत्तर मिळे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पाहणी केली. श्रोतामंडळे असलेल्या गावांची माहिती मंडळे नसलेल्या गावांपेक्षा स्पष्टपणे वाढलेली दिसली. म्हणजे शेतकऱ्याला बोलू दिले तर रेडिओ चालतो, हे सिद्ध होऊन कैक वर्षे झाली. प्रयोग यशस्वी झाला, म्हणून नंतर देशभर नेला. पण नेला तो सरकारी खाते म्हणून. खात्याला आकडे लागतात, तक्रारी लागत नाहीत.

9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. 1997 साली आकाशवाणी प्रसार भारतीकडे गेली. नाव स्वायत्त, पैशाची दोरी दिल्लीच्या हाती. 2001 पासून खाजगी एफएम आले. लिलावात बोली लावून लहरी घेतलेला माणूस पैसे जाहिरातीतून काढणार, आणि जाहिरातदाराला शहरातले गिऱ्हाईक हवे. त्यात मी त्याला दोष देत नाही. धंदा धंद्यासारखाच होतो. पण जनतेच्या मालमत्तेतला शेतकऱ्याचा वाटा गेला कुठे?

तो 2006 च्या धोरणात आहे, असे सांगतात. त्या वर्षी संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांना समुदाय रेडिओ काढण्याची मुभा मिळाली. आपल्या बारामतीत वसुंधरा वाहिनी आहे, शारदा कृषी वाहिनी आहे. पलीकडे माणदेशात म्हसवडला बायांनी चालवलेली माणदेशी तरंग वाहिनी आहे. यंत्र लहान, आवाका साधारण दहा-बारा किलोमीटरचा. अंथुर्ण्यात धड ऐकू येईलच असे नाही. स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई आहे. पण त्याच धोरणात एक वाक्य आहे, ते पाठ करून ठेवा: निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत. ही मेहरबानी नव्हे, लायसनची अट आहे.

एक गोष्ट ताजी आहे. जून 2023 मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवण्याचा आदेश निघाला. लोकांनी ओरड केली, आदेशाला स्थगिती मिळाली. ओरडणारे बहुतेक शहरातले होते. बातम्या ऐकत होतो आपणही. पत्र आपल्यापैकी किती जणांनी टाकले? मी टाकले नाही. कबूल करतो.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. प्रत्येक गावात दहा माणसांचे श्रोतामंडळ करा, त्यात चार बाया हव्यातच. महिन्याला एक पत्र आकाशवाणीला आणि एक जवळच्या केंद्राला: नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन कधी सुटणार, मक्याला बाजारात काय मिळाले, ते सांगा. आणि कार्यक्रम ठरवणाऱ्या समितीत नांगर धरलेला माणूस बसवा. नकार आला तर नकारही लेखी मागा. तो पुढच्या बैठकीत वाचून दाखवू.

तो म्हातारा आज हयात नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी रेडिओवर दिले नाही. निदान प्रश्न तरी तिथे पोहोचवू या.