बाखचा खर्ज आणि ‘अलबेला’तला ट्रंपेट



चकलांब्यात काय किंवा आपल्या गेवराई तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, सप्ताह बसला की रात्रीच्या भजनाला रंग चढतो तो एका ठरलेल्या रीतीनं. मृदंग ठेका सोडत नाही, टाळकरी ध्रुपद सोडत नाहीत आणि त्या भक्कम बैठकीवर गायक मोकळा सुटतो. अभंग ठरलेला, चाल ठरलेली. तान मात्र ऐनवेळी सुचेल ती. एवढं ध्यानात ठेवलंत तर आजचा विषय परका वाटणार नाही. विषय आहे युरोपातलं तीनशे वर्षांपूर्वीचं बरोक संगीत, अमेरिकेतल्या काळ्या कलावंतांचं जॅझ आणि या दोघांची सोयरीक.

बरोक म्हटलं की डोक्यावर केसांचा टोप घातलेले आणि कागदावरून नजर न हलवणारे वादक डोळ्यांपुढं येतात. हे चित्र अर्धवट आहे. त्या काळी साथीला बसणाऱ्या हार्पसिकॉर्डवाल्यापुढं पुष्कळदा खर्जाची एकच ओळ असायची आणि त्या स्वरांशी सहा, सात असे आकडे टाकलेले असायचे. आकडा सांगायचा की खालच्या स्वरापासून कितवा स्वर वर धरायचा. तो कसा धरायचा, सुटा की एकत्र, मध्ये काय भरायचं, हे वाजवणाऱ्याच्या हातात. आता जॅझवाल्याचा कागद बघा. चालीची एक ओळ, वर कॉर्डची नावं, आणि पुढं तो आणि त्याचं नशीब! योहान सेबास्टियन बाख तर यातला उस्तादच. १७४७ साली पॉट्सडॅमला प्रशियाचा राजा फ्रेडरिक यानं एक वेडीवाकडी सुरावट पुढं केली आणि बाखनं तिच्यावर तिथल्या तिथं तीन पदरी फ्यूग वाजवून दाखवला. एक पदर सुरू झाला की दुसरा मागून तीच सुरावट घेऊन येतो, मग तिसरा. हे तिन्ही दोन हातांत सांभाळायचे.

म्हणून १९५९ साली फ्रान्सच्या जाक लुसिएनं पियानो, डबल बास आणि ड्रम घेऊन ‘प्ले बाख’ या नावानं ध्वनिमुद्रिका काढायला सुरुवात केली, तेव्हा जाणकारांना फार नवल वाटायला नको होतं. बाखची ‘एअर’ नावाची एक संथ रचना आहे. वर व्हायोलिनचा लांबच लांब स्वर आणि खाली खर्ज सारख्या पावलांनी चालत राहतो. कधी सप्तकाची उडी मारतो, पण थांबत नाही. जॅझमध्ये बासवाला नेमकं हेच करतो. लुसिएच्या डबल बासवर तो खर्ज येतो तेव्हा त्याला नवं काही शिकवावं लागलंय असं वाटतच नाही.

पण मला पॅरिसपेक्षा मुंबईचं जास्त कौतुक आहे. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना सोल्फेज, म्हणजे स्वरांची नावं गात वाचन, आणि व्हायोलिन शिकवत. पाच रेघांची स्वरलिपी ही मुलं पाटी-पुस्तकासारखी वाचत. पोटासाठी ती मुंबईला आली आणि हॉटेलांच्या बँडमध्ये लागली. १९३५ साली लिऑन ॲबीचा काळ्या अमेरिकन वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात आला आणि गोवेकरांना जॅझ समोरासमोर ऐकायला मिळालं. पुढं दारूबंदीनं हॉटेलांचं रात्रीचं काम आटलं, तसे हे वादक सिनेमाच्या स्टुडिओंकडं आणखी वळले. चर्चमधलं शिस्तीचं व्हायोलिन आणि हॉटेलातला मोकाट ट्रंपेट एकाच रेकॉर्डिंगला आले, ते असे. कुणी परिषद भरवून ठरवलेला प्रयोग नव्हता तो.

आपल्या गोदाकाठानं वर गेलं की पुणतांबं लागतं. तिथं जन्मलेले राम चितळकर म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र. त्यांच्या हाताखाली गोव्यातल्या आल्दोन्याचा ट्रंपेटवाला आंतोनियो झेवियर वाझ होता. लोक त्याला चिक चॉकलेट म्हणत. १९५१ च्या ‘अलबेला’ची गाणी पुन्हा ऐका. चाल पक्की मराठमोळी सुटसुटीत. पण गाणाऱ्यानं श्वास घेतला रे घेतला की मधल्या फटीतून ट्रंपेट डोकावतो.

ट्रंपेटचं हे एक टोक, तर व्हायोलिनचं दुसरं टोक म्हणजे सेबास्टियन डिसोझा. फाळणीपूर्वी लाहोरला त्यांचा बँड होता. नंतर मुंबईत संगीतकार शंकर-जयकिशन यांचे अरेंजर म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. लता मंगेशकरांचा स्वर वर लांबलेला असतो तेव्हा व्हायोलिनं नुसती त्याच स्वराची री ओढत बसत नाहीत, खालून आपली वेगळी ओळ घेऊन निघतात. वाजवणारे याला ऑब्लिगाटो म्हणत. दोन सुरावटी एकमेकींना न अडवता चालवायच्या, हे बरोकचंच घराणं.

याच शंकर-जयकिशन यांनी १९६८ मध्ये ‘रागा-जॅझ स्टाइल’ ही मुद्दाम जुळवलेली तबकडी काढली. रईस खाँची सतार, मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन, अकरा राग. वादनाला तोड नाही. तरी मला ती जरा इस्त्री केलेली वाटते. इथं फ्यूजन चाललंय, ऐका, असं ती सारखं सांगते. सिनेमाच्या गाण्यांतला तोच मसाला न सांगता जिभेवर येतो.

गोव्यातल्या मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९५८ साली त्यांनी मुंबईत भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांची सांगड घालणारा मोठा कार्यक्रम केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. देशाला त्यांचं नाव मात्र १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’तून पाठ झालं, तेही एका विनोदी गाण्यातून.

आपल्याकडच्या वरातींत क्लॅरिओनेट आणि ट्रंपेटवाले बँड होते, तेव्हा ‘अलबेला’च्या चाली हमखास निघायच्या. आता डीजे आलाय. चाल त्यातही वाजते. ठोक्यापुढं मधले पीस तेवढे ऐकू येत नाहीत. ते ऐकायचे तर रेडिओच बरा. गाणाऱ्याकडं घटकाभर दुर्लक्ष करा आणि फक्त मागच्या व्हायोलिनांच्या वाटेनं जा. ती वाजवणाऱ्या कित्येकांची नावं ना रेकॉर्डवर आहेत, ना सिनेमाच्या पाट्यांवर.