शाळा सुटल्यानंतर
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा पाठ)



आजच्या मेळाव्यात पटनोंदणी, हजेरी व निकालपत्रके यांविषयी पुष्कळ बोलणे झाले. मला मात्र ज्या वेळेला शाळेच्या वेळापत्रकात जागाच नाही, तिच्याविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत. शेवटची घंटा होते, मुले दप्तरे उचलून धावत सुटतात आणि त्या दिवसापुरते आपले कर्तव्य संपले असे आपणांस वाटते. परंतु तेथून दिवेलागणीपर्यंतचा काळ कोणाच्या हाती असतो? सोयाबीन काढणीच्या वा कापूस वेचणीच्या दिवसांत आईबाप वावरात असतात. थोरली मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन ओट्यावर बसते, आणि मुलगे कोणाच्या तरी मोबाइलभोवती माना वाकवून बसतात.

या काळापैकी आठवड्यातून एक प्रहर आपण मुलांना रानात घेऊन जावे, अशी माझी सूचना आहे. यावर लागलीच आक्षेप येतो की, खेड्यातील मुलाला रान काय दाखवावयाचे? ते तर रानातच वाढते! आक्षेप वरवर खरा दिसतो. तथापि रोज धुऱ्यावरून जाणाऱ्या मुलाला, गावचा नाला पुढे कोठे जातो, असे विचारून पाहा. पुष्कळ मुले गप्प राहतात. रानात असणे निराळे आणि रान पाहणे निराळे. त्याचप्रमाणे धाडस निराळे व साहस निराळे. खोली न पाहता विहिरीत उडी घेणे हे आंधळे धाडस होय. धोका ओळखून, आपली शक्ती जोखून, सोबत्याचा हात धरून पुढे पाऊल टाकणे हे साहस होय. हे दुसरे शिकविल्याखेरीज पहिले थांबत नाही.

ही कल्पना नवी नव्हे. इंग्लंडमध्ये बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. त्यात धनिकांची मुले व कामकऱ्यांची मुले एकत्र होती. त्यातूनच बालवीर चळवळ उभी राहिली. आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस व पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, असे दिसताच त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिला त्यांनी कुरणशाळा म्हटले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा त्यातील बोध. आपल्यापुढचा प्रश्न याहून सोपा आहे. आपली मुले शाळेत येतात. त्यांच्याबरोबर आपण चार पावले बाहेर टाकावयाची आहेत.

आता प्रत्यक्ष काय करावे? शनिवारी शाळा सकाळची असते. कार्तिकापासून माघापर्यंत ऊनही सोसवते. तेव्हा हाच दिवस धरावा.

पहिला उपक्रम दिशा व नकाशा यांचा. अंगणात एक सरळ काठी रोवावी. मध्यान्हीच्या सुमारास दर पाच मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा. हिवाळ्यात सर्वांत आखूड सावली पडते ती बरोबर उत्तरेकडे. ती घड्याळात बारा वाजता न पडता काही वेळाने पडते, हे मुलांच्या ध्यानात येईल. आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाचे आणि आपण त्याच्या पश्चिमेस, हे मग फळ्यावर समजाविण्यास वेळ लागत नाही. उत्तर सापडली की पावले मोजून शाळेपासून नाल्यापर्यंतचा नकाशा मुलांनीच काढावा.

दुसरा उपक्रम पाण्याच्या मागोव्याचा. या बाबतीत आपला जिल्हा भाग्यवान आहे. येथील डोंगरात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेस पूर्णेला मिळते आणि तिचे पाणी तापीवाटे अरबी समुद्रास जाते. दक्षिणेकडील पैनगंगा वर्धेला मिळते आणि तिचे पाणी शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागरास पोहोचते. आपल्या गावावर पडलेला पाऊस कोणत्या समुद्राला जातो, हा प्रश्न घेऊन मुले नाल्याच्या काठाने अर्धा कोस चालली, तर त्यांना भूगोल पाठ करावा लागणार नाही.

तिसरा उपक्रम पाखरांचा. ५ नोव्हेंबर हा अरण्यअभ्यासक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा. या दोन दिवसांमधील आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावरील पिवळा ठिपका पाहून सालिम अली पक्षिशास्त्राकडे वळले. गलोल खिशात बाळगणाऱ्या आपल्या मुलांना ही हकिकत अवश्य सांगावी. नीळकंठ, वेडा राघू, कोतवाल, टिटवी यांची नोंद वहीत होऊ लागली की गलोल आपोआप घरी राहते. कारंजा भागातील शिक्षकांना तर सोहोळचे काळविटांचे अभयारण्य जवळच आहे. वनखात्याची परवानगी घेऊन तेथे मुलांना न्यावे.

येथवर मी आनंदाचे सांगितले. आता भीतीचे सांगतो. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत मी एकट्याने अठ्ठावीस मुले टेकडीवर नेली होती. परतताना मोजली तो सत्तावीस! दहा मिनिटांनी एक मुलगा शेततळ्याच्या काठी सापडला. चिखलाचे पाय धुण्यास तो तळ्यात उतरू पाहत होता. शेततळ्याच्या प्लॅस्टिकच्या अस्तरावरून पाय घसरला तर मोठ्या माणसालाही वर येणे कठीण, हे आपण जाणता. मुलगा सुखरूप होता. परंतु त्या रात्री मला झोप आली नाही. दोष सर्वस्वी माझा होता. मध्ये एकदाही मी मुले मोजली नव्हती.

तेव्हापासून मी काही नियम पाळतो. एकट्याने मुले न्यावयाची नाहीत. सोबत दुसरा शिक्षक किंवा पालक हवाच, आणि मुली असतील तर एक स्त्री हवी. पालकांची लेखी संमती व मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावयाची. मुलांच्या जोड्या लावून प्रत्येक थांब्यावर मोजणी करावयाची. विहीर, शेततळे व खदान यांच्या जवळून वाट ठेवावयाची नाही. ढगांचा गडगडाट कानी येताच पक्क्या घराकडे वळावयाचे, झाडाखाली थांबावयाचे नाही. दगडांच्या राशीत व बिळात हात घालावयाचा नाही. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी साप चित्रांवरून मुलांना ओळखता यावेत. दंश झालाच तर अवयव स्थिर ठेवावा, आवळून बांधू नये, कापू नये, मांत्रिकाकडे नेऊ नये. १०८ क्रमांकास दूरध्वनी करून थेट रुग्णालय गाठावे. सूर्यास्तापूर्वी अर्धा तास सर्व मुले गावात असावीत.

आणखी एक विनंती. या उपक्रमातून मुलींना वगळू नका. धाकटे भावंड सांभाळावयाचे म्हणून जी मागे राहते, तिच्या आईस आपण स्वतः जाऊन भेटा. ज्या मुलाचा पाय अधू आहे त्याच्यासाठी वाट आखूड करा, आणि सर्वांनी त्याच वाटेने जा.

यासाठी अनुदान लागत नाही. एक काठी, एक दोरी, एक वही व थोडे प्रथमोपचाराचे सामान पुरते. आपणांवर कामाचा भार आहे, हे मी जाणतो. म्हणून दर आठवड्यास न जमल्यास महिन्यातून एकदा जा. परंतु जा, आणि निघताना जितकी मुले मोजली तितकी घरी पोहोचवून मगच आपल्या घराकडे वळा.