जखम लहान, कळ मोठी



समजा, तुमच्या घरी साठी उलटलेली आजी आहे. घोट्याच्या वर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला तिला रुपयाएवढी जखम झाली आहे. ठेच लागल्याचे तिला आठवत नाही. आधी जांभळट डाग पडला, मग कातडी काळी पडून फुटली. आजी रात्रभर कण्हते. पाय उशीवर ठेवला तरी कळ थांबत नाही. घरची माणसे म्हणतात, "एवढ्याशा जखमेला केवढा आकांत!"

असे म्हणू नका बरे! आजीचे दुखणे खरे आहे. बार्सिलोनाच्या डॉ. मार्तोरेल यांनी १९४५ साली अशाच व्रणाचे वर्णन केले. त्याचे मूळ पायात नसते. ते असते वर्षानुवर्षे वाढलेल्या रक्तदाबात.

हे कसे होते? पाटाच्या कडा आतून जाड होत गेल्या, तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोचेल का? तसेच इथे घडते. रक्तदाबाने कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या जाड आणि अरुंद होतात. रक्त न मिळालेली कातडी मरते. मोठ्या वाहिन्या बहुधा ठीक असतात, म्हणून पावलाची नाडी हाताला लागते आणि पाहणारा फसतो. फुगलेल्या शिरांची जखम निराळी. ती बहुधा घोट्याच्या आतल्या अंगाला होते आणि पाय उंच ठेवला की बरे वाटते.

मग करायचे काय? जखमेवर झाडपाला, चुना, तंबाखू लावू नका. आपल्या मनाने पट्टी आवळून बांधू नका. आजीला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. तिथे रक्तदाब मोजून घ्या आणि साखरही तपासा, कारण मधुमेहाची जोड पुष्कळदा असते. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर वारंवार भरला, तर औषध लागू शकते. बरे वाटले म्हणून गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत. जखम मोठी असेल, तर मोठ्या रुग्णालयात मेलेला भाग काढून दुसरीकडची कातडी लावतात. त्याने जखम भरते आणि कळही पुष्कळ उतरते.

गुरुजी, आपल्याला एक विनंती. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, म्हणून कुणी मोजत नाही. उद्या वर्गात मुलांना एवढेच सांगा : घरी जाऊन विचारा, "आजी, तुझा रक्तदाब शेवटचा कधी मोजला?"