तिफणीचे चित्र आणि हरवलेले माप

पूर्णा-नांदेड रेल्वेमार्गावरचे चुडावा हे माझे गाव. तांत्रिक पुस्तिकांसाठी आकृत्या काढणे हा माझा व्यवसाय. आज सांगतो ती माझ्याच एका आकृतीची फजिती.

शेती-अवजारांच्या एका पुस्तिकेसाठी मी तिफण काढली होती. दिंड, दांडी, चाडे, नळ्या, सगळे मोजूनमापून. दोन फणांत ४५ सेंटिमीटर अंतर आणि प्रमाण १:१०, म्हणजे कागदावर साडेचार सेंटिमीटर. गावातल्या सुतारकाकांनी छापील पुस्तिका पुढ्यात ठेवून तिफण केली. पेरणी झाली, सोयाबीन छान उगवले. पण कोळपे काही ओळींत शिरेना. मोजले तर अंतर ३० सेंटिमीटर! त्या शेतकऱ्याला बाया लावून सगळे रान खुरपून घ्यावे लागले. काका म्हणाले, "भाऊ, तुमच्या चित्राला पट्टी लावूनच भोकं पाडली की म्या."

खरेच होते. पान जुळवताना आकृती दोन-तृतीयांश झाली. साडेचारचे तीन झाले. खालची 'प्रमाण १:१०' ही ओळ मात्र ठसठशीत तशीच, कारण ती मजकुराबरोबर वेगळी जुळवलेली. आकृतीतला ४५ हा आकडा वाचता आला असता तरी निभावले असते. पण त्याचा नुसता डाग झाला होता.

गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर पंचांग छापले. शिळेवर अक्षर आणि आकृती एकत्र उतरवता येत. खिळ्यांच्या छपाईत आकृती वेगळी पडली. तिचा जस्ताचा ब्लॉक करावा लागे. त्यासाठी आकृती दुप्पट मोठी काढत आणि कॅमेऱ्याने निम्मी करत. रेघही निम्मी बारीक होणार, हे धरूनच पेन निवडायचा. संगणक आला आणि हा हिशेब आम्ही विसरलो.

मी ती आकृती पडद्यावर दिसण्यापुरती, इंचाला ७२ ठिपके अशी स्कॅन केली आणि जेपीईजीत साठवली. जेपीईजी फोटोसाठी उत्तम. रेघांच्या आणि आकड्यांच्या कडेला मात्र ते धूळ उडवते. छापायचा फोटो इंचाला ३०० ठिप्क्यांचा, तर रेखाकृती ६०० ते १२०० ठिपक्यांची हवी, तीही छापायच्या आकारात. मागाहून ताणून तपशील येत नाही.

त्याहून चांगले म्हणजे रेघ ही रेघ म्हणूनच साठवावी. इंकस्केपसारख्या मोफत प्रणालीत ते जमते. मग आकृती कितीही लहानमोठी करा, कडा स्वच्छ राहते. प्रबंध लाटेकमध्ये जुळवणाऱ्यांनी अशी आकृती पीडीएफ करून द्यावी. जुन्या पद्धतीला ईपीएस लागते. मात्र जेपीईजी नुसते पीडीएफमध्ये घातले म्हणून ठिपक्यांच्या रेघा होत नाहीत. पोते बदलल्याने ज्वारीचा गहू होतो का? आणि मराठी फाँट फाइलीतच बसवून द्या, नाहीतर दुसऱ्याच्या संगणकावर 'फण'चे भलतेच काही होते.

आता मी प्रमाणाची ओळ लिहीतच नाही. आकृतीतच मापाची पट्टी काढतो. आकृती आक्रसली की पट्टीही तेवढीच आक्रसते.

काकांनी दिंडाला नवी भोके पाडून दिली, पैसे घेतले नाहीत. पुस्तिकेच्या त्या पानावर त्यांनी पेन्सिलीने मोठ्ठे ४५ लिहून ठेवले आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)